मोबाइलवरचा धोक्याचा इशारा आणि आपली वस्ती

२० जुलै २०२३. सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रात अनेकांचे मोबाइल एकाएकी कर्कश वाजू लागले. कुणाला वाटले फोन हॅक झाला, कुणी घाबरून बंदच करून टाकला. ती केंद्राच्या दूरसंचार विभागाची चाचणी होती. पूर, दरड, वादळ अशा संकटात लोकांना सावध करणारी यंत्रणा चालते की नाही, हे पाहण्यासाठी. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. म्हणून अशा चाचणीकडे गंमत म्हणून पाहू नये.

हा इशारा साध्या एसएमएससारखा एकेका नंबरवर जात नाही. रेडिओसारखा तो टॉवरवरून एकदम सोडला जातो आणि त्या टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर उमटतो. त्याला बॅलन्स लागत नाही, नेट लागत नाही. फोन मात्र चालू हवा, रेंज हवी.

आता आपल्या घरचा विचार करा. नाल्याकाठच्या खोलीत आजी आणि दोन लेकरे. घरातला एकुलता फोन वडिलांच्या खिशात, वडील दहा-पंधरा किलोमीटरवर कामाला. इशारा नाल्याकाठच्या टॉवरवरून सुटला, तर तो वडिलांना कळणार नाही आणि आजीकडे फोनच नाही. काही जुन्या फोनवर तर तो उमटतही नाही. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक गल्लीत दिवसरात्र चार्ज असलेला एक फोन कुणाकडे राहील, ते आधीच ठरवा. इशारा आला की त्या घराने दारे ठोठवायची आणि विहाराचा लाउडस्पीकर लावायचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंत माणूसच पाठवावा लागेल.

फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीचे इशारे चालू आहेत ना, ते मुलांकडून तपासून घ्या. खरा इशारा कधी ओटीपी किंवा बँकेची माहिती मागत नाही. कुणी मागितली तर तो चोर समजा.

अचानक मोठा आवाज झाला की छातीत धडधडते, घाम फुटतो. बहुतेकांचे थोड्या वेळात शांत होते. पण छातीत दाबल्यासारखे दुखत राहिले, दम लागला, तर "घाबरलाय, होईल बरा" म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा. बीपी, साखर, फिट, टीबी यांच्या गोळ्या आणि दवाखान्याची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. इन्सुलिन थंड जागेतच असू द्या, पण निघताना ते कोण उचलणार हे घरात ठरलेले असावे.

इशारा कुणी वाचला, कुणाच्या घरी पोचलाच नाही, हे टॉवरला समजत नाही. तेव्हा पुढची चाचणी होईल त्या आठवड्यात विहारात जमल्यावर गल्लीवार विचारा : कुणाचा फोन वाजला, कुणाचा गप्प राहिला, आणि त्या वेळी घरात कोण होते?