एकच रिसेप्टर धर

गिरगाव, मुंबई

चि. मुक्ता हिस,


पीएच.डी.साठी तू केलेली विषयांची यादी दादाने पाठवली. एक्झोसोम, आतड्यातले जीवाणू, एआय... एकही विषय वाईट नाही, पण यादी मागच्या वर्षीच्या परिषदांचे कार्यक्रम बघून केलेली दिसते. माझं मत सरळ आहे: पेशीवर संदेश झेलणारा एक रिसेप्टर निवड आणि त्याचा पिच्छा पुरव. तंत्र बदल, पेशी बदल, हवं तर शहर बदल. रिसेप्टर सोडू नकोस.

डॉ. विदिता वैद्य बघ. आपल्या घरून पायी जाता येईल अशा झेवियर्समध्ये शिकल्या, मग येलला रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएच.डी. १९९७ साली त्यांचा शोधनिबंध आला. सिरोटोनिनचा ५-एचटी२ए हा रिसेप्टर चेतवला की उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए हिप्पोकॅम्पसमध्ये घटतो आणि कॉर्टेक्समध्ये वाढतो. रिसेप्टर तोच, परिणाम उलटा! चाळीत एकाच हाकेला प्रत्येक खोलीतून वेगळं उत्तर येतं, तसलाच प्रकार. २००० साली त्या कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, आणि हा रिसेप्टर सोबत आला. लहानपणीचा ताण मोठेपणी भीती होऊन का उरतो, हा प्रश्नही त्यांनी त्याच्या मार्फत विचारला. २०१९ मध्ये त्याच संस्थेतल्या उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की हा रिसेप्टर चेतवल्यावर कॉर्टेक्सच्या चेतापेशींत मायटोकॉन्ड्रिया वाढतात. मूडशी जोडलेला रिसेप्टर पेशीच्या ऊर्जेचा कारभार बघतो, हे १९९७ मध्ये कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. मधली बावीस वर्षं घातल्याशिवाय हे हाती लागत नाही. (२०१५चं भटनागर आणि २०२२चं इन्फोसिस पारितोषिक तुझ्या बाबांसाठी लिहिते. त्यांना तेवढंच कळतं.)

परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. स्मिता महाले यांनी एफएसएच या हॉर्मोनच्या रिसेप्टरवर काम केलं, पुढे तिथल्या संचालक झाल्या. त्या रिसेप्टरचंही तेच: बीजकोशातल्या ग्रॅन्युलोसा पेशींत त्याच्यामुळे इस्ट्रोजेन तयार होतं, वृषणातल्या सर्टोली पेशी त्याच्याच इशाऱ्यावर शुक्राणूंना पोसतात. म्हणून ‘हा रिसेप्टर काय करतो?’ असं कधी विचारू नकोस. ‘या पेशीत काय करतो?’ असं विचार.

सुरुवातीला बाइंडिंग, म्हणजे हॉर्मोन रिसेप्टरला किती चिकटतं ते मोजणं, नीट शीक. आता चमकणारे रंग आले, किट आली, हिशेब जुनाच. हॉर्मोनला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, पेशींच्या आवरणाच्या गाळात ते मिसळायचं, थंडगार बफरने धुवायचं आणि काउंटरमध्ये मोजायचं. आकडा मोठा आला म्हणून हुरळायचं नाही. हॉर्मोन रिसेप्टरलाच चिकटतं असं थोडंच आहे? नळीच्या प्लॅस्टिकलाही चिकटतं. म्हणून शेजारी दुसरी नळी: तेवढंच ‘हॉट’ म्हणजे किरणोत्सारी हॉर्मोन, आणि वर साधं ‘कोल्ड’ हॉर्मोन शेकडो पट. रिसेप्टरच्या जागा मोजक्या, त्या कोल्डने अडवल्या जातात. तरीही जो आकडा येतो तो निव्वळ चिकटपणा. तो वजा करून उरेल ते खरं. कधीकधी वजाबाकीत काहीच उरत नाही, आणि नेमकी शुक्रवारची संध्याकाळ असते. दुसरी नळीच बिघडली असेल, असं मन सांगू लागतं. त्या वेळी वहीत आहे तो आकडा लिहायचा आणि घरी जायचं. आणि हो, आयोडीन-१२५ साधारण साठ दिवसांत निम्मं होतं, तुझ्या सोयीसाठी थांबत नाही. नळ्यांचा बेत आधी वहीत, बर्फ नंतर.

गाईडबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट, आणि न जमलेल्या प्रयोगांवर तिथे मोकळेपणाने बोलतात का, एवढं विचार.

२०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफकोवित्झ आणि कोबिल्का यांना रिसेप्टरांवरच मिळालं, तेव्हा ‘आता यात काय उरलं?’ असं आमच्याकडे दोघा-तिघांनी विचारलं होतं. वर लिहिलेलं २०१९चं काम त्यानंतरचं आहे.

दिवाळीला येण्याआधी एका ओळीचं उत्तर पाठव: कुठला रिसेप्टर आणि कुठल्या पेशीत. दोन्ही लिहिलेलं असेल तरच तुझ्या प्रपोजलचा मसुदा वाचेन.

तुझी,
आत्या