शमीची ओळख

दसऱ्याला सोने म्हणून वाटली जाणारी आपट्याची पाने लहान मुलेही ओळखतात. परंतु त्याच दिवशी सीमोल्लंघन करून ज्या वृक्षाची पूजा करावयाची, ती शमी फार थोड्यांच्या ओळखीची असते. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर लपविली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तीच शमी शिवाराच्या बांधावर उभी असली, तर मात्र ‘असेल एखादी बाभूळ’ असे म्हणून वाटसरू पुढे जातो!

हे अज्ञान शमीच्या जिवावर बेतते. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून आपल्या देशात आणलेली वेडी बाभूळ आता रानोमाळ माजली आहे. शेतकरी ती तोडतात, ते योग्यच आहे. पण तिच्याबरोबर शमीची रोपेही कोयत्याखाली जातात. शमीची मुळे जमिनीत फार खोल जातात. राजस्थानच्या वाळवंटात तिला खेजडी म्हणतात. तेथे तिच्या सावलीत बाजरी पिकते, तिचा पाला शेळ्या व उंट खातात आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते. १७३० साली जोधपूरजवळील खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडू लागली. तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजातील स्त्रीपुरुष झाडांना मिठी मारून उभे राहिले. त्या दिवसांत ३६३ जणांनी प्राण दिले, असे सांगतात.

मग शमी ओळखावी कशी? ही तिन्ही झाडे शिंबाकुलातील. पाने तिघांचीही बारीक, म्हणून पानांवरून फसगत होते. बाभळीचे फूल म्हणजे गोल पिवळा गोंडा, आणि तिची शेंग मण्यांच्या माळेसारखी. शमीला बारीक पिवळसर तुरे येतात. पण तुरे वेड्या बाभळीलाही येतात. तेव्हा खरी खूण काट्यांची. बाभळीचे काटे लांब, सरळ, पांढरट आणि पानाच्या बुडाशी जोडीने असतात. वेड्या बाभळीचे काटेही पानाच्या बगलेतूनच निघतात. शमीचे काटे आखूड व बुडाशी रुंद असून, एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतच्या मोकळ्या फांदीवर विखुरलेले असतात. वीतभर रोपाला ना फूल, ना शेंग. तेथे हा काटाच पाहावा लागतो.