साथीची वर्दी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यास पूर्वी वणी जिल्हा म्हणत. आजचे नाव त्यास १९०५ मध्ये मिळाले. त्या जुन्या काळीही वऱ्हाडचा कापूस बैलगाडीतून बाजारात, तेथून आगगाडीने मुंबई बंदरात आणि पुढे जहाजातून परदेशी जात असे. मुंबईच्या त्याच बंदरालगत, मांडवी भागात, १८९६ च्या सप्टेंबरात लोक तापाने पटापट मरू लागले. डॉ. व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग्यांच्या अंगावरील गाठी पाहिल्या आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे सांगितले.

मुलांनो, हे ऐकून सर्वांनी डॉक्टरांचे आभार मानले असतील, असे तुम्हांस वाटेल. तसे घडले नाही. पुष्कळांनी त्यांच्या निदानावर शंका घेतली. प्लेगचे नाव निघाले की व्यापार बुडणार, ही धास्ती होती. आणि ती अगदीच खोटी नव्हती. मुंबईहून येणाऱ्या जहाजांना युरोपातील राष्ट्रे भिऊ लागली. १८९७ मध्ये व्हेनिस नगरीत त्यांची परिषद भरली आणि जहाजे कशी तपासावी, किती दिवस अडवावी, याचे नियम ठरले. माणसे मरत होती मुंबईत. चिंता वाहिली गेली ती मुख्यतः युरोपची!

सर्व जगाची चिंता वाहणारी जागतिक आरोग्य संघटना ७ एप्रिल १९४८ रोजी अस्तित्वात आली. तिची कचेरी जिनिव्हा येथे आहे. औषधे धाडणे हेच तिचे काम, असा अनेकांचा समज असतो. परंतु कोठे कोणता रोग उद्भवला याची वार्ता मिळवणे, ती पारखणे आणि सर्व राष्ट्रांस वेळेवर कळवणे, हे तिचे मोठे काम होय. तिच्यापाशी ना फौज, ना दंड करण्याची सत्ता. ती केवळ सांगू शकते.

सांगूनही ऐकले जातेच असे नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेस प्लेगचे रोगी आढळले. प्रवास व व्यापार थांबवण्याचे कारण नाही, असे संघटनेने सांगितले. तरीही कित्येक देशांनी भारताची विमाने व माल अडवला. खरे सांगणाऱ्यासच जर शिक्षा होणार असेल, तर पुढच्या खेपेस खरे कोण सांगेल? २००२ च्या अखेरीस चीनमध्ये सार्सची साथ उद्भवली, तेव्हा ती वार्ता काही महिने दडपली गेली आणि रोग पंचवीसहून अधिक देशांत पोहोचला. मग २००५ मध्ये नवे नियम झाले. धोक्याची खात्री पटताच चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी, आणि इतरांनीही अकारण वाटा अडवू नयेत, असे त्यांत ठरले.

३० जानेवारी २०२० रोजी संघटनेने कोरोनाविषयी जगास आणीबाणीचा इशारा दिला. त्या वेळी चीनबाहेर अवघे ९८ रोगी होते. पुष्कळ राष्ट्रांनी तो इशारा मनावर घेतला नाही. पुढे लस निघाली, तेव्हा श्रीमंत देशांनी ती आधीच राखून ठेवली होती. गरीब देशांसाठी काढलेल्या सामाईक योजनेतून पहिल्या ६ लाख मात्रा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी आफ्रिकेतील घाना देशात उतरल्या. त्या आपल्या पुण्यास तयार झालेल्या होत्या. त्याच महिन्यात यवतमाळात रोगी वाढून पुन्हा निर्बंध आले होते. पुढे भारतभर साथ भडकली, निर्यात थांबली आणि अनेक गरीब देश लसीची वाट पाहत राहिले.

जिनिव्हास जाणारी वर्दी निघते कोठून? आशाताईच्या वहीतून. तेथून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्ह्याच्या गावी, मग पुणे व दिल्लीस जाते. पण वहीत नोंद व्हावयास दार उघडावे लागते. लोक वाळीत टाकतील या भयाने घरातील ताप लपवणारी कुटुंबे मी त्या दोन वर्षांत पाहिली. भल्या घरची, शिकलेली माणसे ती. "आमच्याकडे सारे ठीक आहे," असे आतूनच सांगत. आशाताई काही न बोलता पुढच्या घरी जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दाराची कडी वाजवी.