दशमांश आणि वाण्याची उधारी

प्रश्न : मिळकत बेताची; तिचा दशमांश चर्चला दिल्यावर वाण्याची उधारी थकते. देवावर भरवसा ठेवून देत राहावे काय?
– एक वाचक, तंजावर

उत्तर : आपल्याच शहरातील श्वार्ट्झ चर्चमध्ये, फ्लॅक्समनने कोरलेल्या संगमरवरी शिल्पात, मृत्युशय्येवरील ज्या मिशनरी श्वार्ट्झसाहेबांचा हात तंजावरच्या सरफोजीराजांनी धरला आहे, त्यांनी म्हैसूरच्या हैदरअलीच्या स्वारीत येथील किल्ल्यात अन्नान्नदशा झाली असता, सरकारच्या शब्दावर न मिळालेले बैल निव्वळ स्वतःच्या हमीवर मिळवून धान्य आणविले आणि रयतेचा मोबदला स्वहस्ते चुकता केला. ती पत त्यांनी देणी थकवून कमावली नव्हती. प्रेषित पौलानेही करिंथकरांस ऐपतीप्रमाणेच देण्यास सांगितले आहे; सबब या महिन्यात आधी वाण्याचे खाते निःशंकपणे फेडावे, आणि उरेल त्यातून, दोन रुपये का होईनात, संतोषाने दानपेटीत टाकावेत.