परवाना वाइन बनवण्याचा आणि परवाना विकण्याचा

2001 साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. नाशिकच्या बागाईतदारांनी खाण्याच्या थॉमसन द्राक्षांच्या शेजारी वाइनची शिराझ, कॅबर्ने लावली. वायनरी काढणं सोपं झालं. विक्री मात्र दारूबंदी कायद्याच्या चौकटीतच राहिली.

2008मध्ये मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि पर्यटकांअभावी हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात वायनऱ्यांच्या टाक्या जुन्याच वाइनने भरलेल्या होत्या. करार असूनही माझ्या बागेतला माल वेलीवरच राहिला. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा तरी करता येतो. बारीक मण्यांच्या, जाड सालीच्या, बियांच्या शिराझला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

म्हणून या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याने आधी विक्रीची बाजू तपासावी.

त्याबरोबर परवानेही वेळेत हवेत. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते आणि पिकलेला माल कागदांसाठी थांबत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अन्नसुरक्षा परवाना ऑक्टोबर छाटणीपूर्वीच हातात हवा. 2019पासून मद्यालाही अन्नसुरक्षेची मानकं लागू आहेत. बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण आणि वैधानिक इशारा छापावाच लागतो.

मद्य हा राज्यसूचीतला विषय, जीएसटीच्या बाहेरचा. महाराष्ट्रातली बाटली कर्नाटकात किंवा गोव्यात न्यायची तर तिथली लेबल नोंदणी आणि तिथलं शुल्क वेगळं. छोट्या वायनरीने सुरुवातीला मोजकीच लेबलं ठेवून घरची बाजारपेठ पक्की करावी.

महाराष्ट्रात वाइनवर 20 टक्के व्हॅट आहे. त्यातले 16 टक्के परत देणारी योजना 2009ची. ती मध्यंतरी थांबलीही होती. परतावा खात्यात जमा होईपर्यंत तो कर्जाच्या हप्त्यात धरू नये. घोषणांचंही तसंच. जानेवारी 2022मध्ये हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाइनविक्रीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, विरोध झाला आणि अंमलबजावणी अडली. त्या भरवशावर कुणी टाक्या वाढवल्या असत्या, तर व्याज त्यालाच भरावं लागलं असतं.

फक्त द्राक्ष पुरवणाऱ्या शेतकऱ्याने करारात दर, साखरेचं प्रमाण, तोडणीची मुदत आणि पैसे देण्याची तारीख लिहून घ्यावी. वायनरीने माल उचललाच नाही तर भरपाई किती, हे कलम सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यावं.