सिग्नलला थरथरणारी गाडी

प्रश्न : वडिलांची १९९७ची मारुती ८०० अजून वापरात आहे. हायवेला झकास पळते. पण सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिली की इतकी थरथरते, की आरशातली मागची गाडी पुसट दिसते. कधी कधी बंदच पडते. मेकॅनिकने दोनदा ट्युनिंग केलं. आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, कार्ब्युरेटर बदला. बदलावा का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : इतक्यात नको. त्या 'ट्युनिंग'मध्ये बहुतेक आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळला गेला असणार. त्याने रेस वाढते आणि थरथर तात्पुरती लपते. दुखणं आहे तिथेच राहतं. कार्ब्युरेटरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण त्याचा नंबर शेवटचा.

आधी एक गोष्ट ठरवा : थरथरतंय ते इंजिन की नुसती बॉडी? गाडी सुरू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी जा आणि आवाज ऐका. फुर्र-फुर्र एकसारखी येत असेल आणि तरी आत स्टिअरिंग हलत असेल, तर इंजिन ठीक आहे. त्याच्या फाउंडेशनचं रबर बसलेलं असेल. पंचवीस वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा करणार? मात्र आवाजातच मधूनमधून एक ठोका गळत असेल, तर गाडी मिसिंग करतेय. जाड कागदाची पट्टी त्या धुरासमोर धरून बघा. निरोगी इंजिन ती एकसारखी बाहेर ढकलतं. मिसिंग असेल तर पट्टी अधूनमधून गचके खाते. आणि ठरावीक तालात आत ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासायला हवं आणि खर्चाची तयारीही ठेवायला हवी.

तुमच्या गाडीत हा गळलेला ठोका इतका का जाणवतो, यामागे साधं गणित आहे. या इंजिनात सिलिंडर तीनच. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते, म्हणजे दर २४० अंशांनी एक धक्का. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला वीस धक्के झाले. हात ठेवला तर ते सलग वाटतात. त्यातला एक सिलिंडर झोपला की ४८० अंश कुणीच जोर लावत नाही, आणि ही पोकळी सेकंदाला सहा-सात वेळा येते. तुमचा आरसा हलतो तो त्यामुळे. चार सिलिंडरच्या पद्मिनीत एक मेला तरी पोकळी ३६० अंशांचीच, म्हणून ती बिचारी निमूटपणे ओढत राहायची.

कुठला सिलिंडर झोपलाय ते शोधायला मेकॅनिक चालू इंजिनात एकेका प्लगची टोपी काढून बघतात. ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो चोर. हे तुम्ही करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. तुमच्या समोर करून घ्या. चोर सापडला तर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावायचा. मिसिंगही त्याच्याबरोबर गेलं तर प्लग खराब, जागेवरच राहिलं तर वायर नाहीतर सिलिंडर. पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर रात्री दिवे मालवून बॉनेट उघडा. म्हाताऱ्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. डेलकोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपीही उलटी करून बघायला सांगा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय. जुन्या पॉइंटवाली डेलको असेल तर पॉइंट जळलेत का, त्यांचा गॅप बरोबर आहे का, हेही बघावं लागेल.

पण तुमची गाडी हायवेला चांगली पळते, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. प्लग-वायरीत दम नसता तर चढावर जोर लावताना ती आणखी रडली असती. फक्त उभं असताना रडणारी गाडी बहुधा 'एअर घेते'. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि तिच्या खालच्या मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते. तिथे कुठे फट असेल तर पेट्रोलशिवायची फुकट हवा आत जाते. उसाच्या रसाच्या नळीला भोक पडल्यासारखं. ॲक्सिलेटर दाबला की खरी हवाच इतकी येते की फटीतली चिमूटभर हवा जाणवत नाही.

तुमच्या गाडीत याची परीक्षा घ्यायला एकही पान्हा लागत नाही, कारण डॅशबोर्डवर चोकचं बटण आहे. इंजिन पूर्ण तापू द्या, हँडब्रेक लावा आणि चोक हळूच, बोटभर ओढा. थरथर कमी झाली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय : कुठेतरी एअर, किंवा स्लो जेटमध्ये कचरा. उलट गाडी आणखी गुदमरली, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. मग फ्लोट आणि पूर्ण न उघडणारा चोक यांच्याकडे बघा.

चोकने बरं वाटलं तर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं कार्ब्युरेटरच्या बुडाभोवती आणि व्हॅक्यूमच्या पाइपांवरून फिरवा. सुईं-सुईं आवाज येईल तिथे फट. फक्त ओढणी, बाह्या आणि केस फॅनपासून लांब ठेवा. काही जण तिथे पेट्रोल शिंपडून बघतात. तापलेल्या इंजिनावर हा उद्योग कुणालाही करू देऊ नका. मी स्वतः एकदा कार्ब्युरेटर उतरवून, धुऊन, नवा किट घालून पैसे मोजले होते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका मिस्त्रींनी त्याच कार्ब्युरेटरच्या बुडाच्या नटाला पान्हा लावला. नट अर्धा आटा फिरला आणि इंजिन गप्प झालं. मी त्या अर्ध्या आट्याकडे बराच वेळ बघत होतो.

यात हल्लीच्या पेट्रोलचीही थोडी भर आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १९९७च्या ठरलेल्या जेटमधून जाणारं मिश्रण आपोआप पातळ होतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. शिवाय जुन्या रबरी पाइपांना इथेनॉल मानवत नाही, ते फुगतात, चिरतात. म्हणून पाइप एकदा सगळे बदलूनच टाका, तो खर्च किरकोळ आहे.

हे सगळं नीट निघालं तर मग कार्ब्युरेटर, आणि तोही आधी साफ करून घ्या. स्लो जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते हवेच्या प्रेशरने उडवायचं, तारेने कोरायचं नाही. कोरलं की मोठं झालंच.

फट खरोखर बुजली की गाडी उलट जास्त रेसवर ओरडू लागेल. घाबरू नका. दोन ट्युनिंगमध्ये आवळलेला तो स्क्रू अजून तसाच आहे. तो आता सैल करून घ्यायचा.