ओस गांवाचें मंदिर

(वाचन : यशया ५:८, १ पेत्र २:४, ५)

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत मॉल्टन नांवाचें बाजाराचें गांव आहे. तेथून आग्नेयेस सुमारें ६ मैल मोटारीनें गेल्यावर टेंकड्यांमध्यें गाडी ठेवावी लागते. पुढें सुमारें पाऊण मैल पायीं उतरलें म्हणजे गवताळ खोऱ्यांत छप्पर नसलेलें एक उपासनामंदिर दिसतें. भोंवतीं घरांच्या जोत्यांचे उंचवटे आहेत. घर मात्र मध्ययुगांतलें एकहि उरलें नाहीं. हें वॉरम पर्सी होय. १०८६ सालच्या राजाच्या नोंदवहींत ह्या गांवाचें नांव आहे.

१९५० पासून सुमारें ४० वर्षें विद्वानांनीं येथें दर उन्हाळ्यांत खोदकाम केलें. त्यांस असें आढळलें कीं, प्रथम येथें लांकडाचें लहानसें मंदिर होतें. मग तें दगडाचें झालें. १२ व्या व १३ व्या शतकांत त्याच्या दोन्ही बाजूंस ओवऱ्या जोडून तें मोठें केलें. पुढें माणसें कमी झालीं, तेव्हां त्या ओवऱ्या पाडून मधल्या कमानी बुजविल्या. त्या बुजविलेल्या कमानी भिंतींत आजहि दिसतात. मंडळीची वाढ व घट ह्या धोंड्यांत अशी नोंदलेली आहे.

गांव ओस कां पडलें? १३४८-४९ च्या महामारीनें पुष्कळ माणसें मेलीं, तरी गांव तगलें. पुढें जमीनदारांस नांगरापेक्षां मेंढरें फायद्याचीं वाटूं लागलीं. जेथें अनेक कुटुंबें शेत कसून पोट भरीत, तेथें कुरणास एक मेंढपाळ पुरे. इ. स. १५०० च्या सुमारास शेवटच्या कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. रोगानें जें झालें नाहीं तें लोभानें झालें.

परंतु गांव गेलें तरी उपासना लगेच थांबली नाहीं. थिक्सेंडेल वगैरे शेजारच्या वस्त्यांतील लोक डोंगरवाटेनें येथें येत राहिले. १८७० सालीं थिक्सेंडेलला स्वतःचें मंदिर झालें. तरी येथील शेवटची उपासना १९४९ सालीं झाली. १९५९ सालीं मनोऱ्याचा एक भाग कोसळला.

प्रिय वाचकहो, भिंतींनीं मंडळी टिकविली नाहीं. चालत येणाऱ्या माणसांनीं टिकविली. म्हणून छपराची गळती जितक्या काळजीनें आपण पाहतों, तितक्याच काळजीनें, कोणत्या कुटुंबाची जागा रिकामी झाली हेंहि पाहावें. कर्जापायीं किंवा जमिनीपायीं कोणी गांव सोडीत असेल, तर त्याच्या घरीं जाण्याची वेळ तो गेल्यानंतरची नव्हे, आजची आहे.

विचारासाठीं प्रश्न : १. यशया कोणत्या पापाविषयीं बोलतो? २. आपल्या मंडळींत कोणाची जागा रिकामी आहे, व ती कशामुळें? ३. ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?